जुन्या सायकलीचे जाम भाग : सोडवणुकीचा पहिला धडा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळींच्या जिन्याखाली अजूनही एखादी काळी सायकल भिंतीला टेकून उभी असलेली दिसते. टायर सुकून तडकलेले, साखळी तांबूस झालेली, सीटच्या कातड्याला चिरा गेलेल्या. घरातील कर्ता माणूस कधीकाळी तिच्यावरून कामावर जात असे. पुढे तो थकला किंवा निवर्तला आणि सायकल तेथेच राहिली. ती भंगारात देण्यास घरच्यांचे मन होत नाही आणि चालविण्याजोगी तर ती उरलेली नसते. चाळीच्या पुनर्विकासाची वेळ आली म्हणजे मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. सायकल नव्या जागेत न्यावयाची, की वजनावर विकावयाची, हे ठरवावेच लागते.

अशा वेळी घरातील एखादा तरुण ती दुरुस्त करण्याचे मनावर घेतो. हौस मोठी असते. परंतु पहिल्याच संध्याकाळी सीटची दांडी हलत नाही, कॉटर निघत नाही, पेडल फिरत नाही. मग मोठा हातोडा आणला जातो. घाव बसतात, कॉटरचे टोक फुलते, नटाचे कोपरे झिजतात, कधी सांगाड्याची नळीच चेपते. पन्नास वर्षे पावसात तग धरलेल्या सायकलीची जी हानी झाली नाही, ती एका संध्याकाळी होते आणि सायकल अखेर भंगारवाल्याकडेच जाते. जुन्या सायकलींचा शेवट पुष्कळदा गंजाने होत नाही, उतावळेपणाने होतो. म्हणून जाम झालेले भाग सोडविण्याची रीत हा पुनरुज्जीवनाचा पहिला धडा मानला पाहिजे.

या धड्याचे सार एका नियमात सांगता येते. कामास हात घालण्यापूर्वी कोणता भाग गेला तरी चालेल आणि कोणता जाता कामा नये, हे ठरवावे. कॉटर, नट, बोल्ट, आरे, छर्रे हे भाग बाजारात नवे मिळतात व स्वस्त असतात. क्रँक, फ्रीव्हील, हब यांना पर्याय सापडतो, पण शोधावा लागतो. सांगाडा आणि पुढचा चिमटा हे भाग मात्र त्या सायकलीची ओळखच होत. स्वस्त भागाचा बळी देऊन मौल्यवान भाग वाचविणे, हे सारे कौशल्य आहे.

वरळीत घडलेली सायकल

सांगाडा एवढा मोलाचा का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या रस्त्यांवर राले, बी. एस. ए., हर्क्युलिस अशा इंग्लंडमधून आलेल्या सायकली दिसत. स्वातंत्र्यानंतर देशात सायकलींचे उत्पादन झपाट्याने वाढले. मद्रासमध्ये टी. आय. सायकल्स (१९४९), सोनिपत येथे ॲटलस (१९५१), लुधियाना येथे हिरो (१९५६) आणि आसनसोल येथे सेन-राले हे कारखाने नावारूपास आले. परंतु सायकल बनविण्याचा उद्योग खुद्द मुंबईतही होता. वरळीतील हिंद सायकल्स या कारखान्यात घडलेल्या सायकली देशभर जात. १९८० मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने हिंद सायकल्स आणि सेन-राले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि वरळीचा कारखाना नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीकडे आला. पुढे तोही बंद पडला. आज वरळीत हिंद सायकल रोड या रस्त्याच्या नावात त्याची आठवण उरली आहे.

हा सारा परिसर गिरणगावाला लागून आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. त्यानंतरच्या काळात एकामागून एक गिरण्या थंडावल्या. यंत्रे खोलणे, साफ करणे व पुन्हा जुळविणे हे ज्यांच्या हातचे काम होते, त्या फिटरांची व मेकॅनिकांची पिढीही त्याबरोबर विखुरली. त्यामुळे परळच्या एखाद्या चाळीत हिंद सायकल्सची गाडी निघाली, तर ती घरच्या आठवणीपुरती राहत नाही. हाकेच्या अंतरावर, याच शहराच्या कामगारांनी घडविलेली ती वस्तू असते. तिचा कॉटर तुटला तर दुसरा मिळेल. पण तिचा सांगाडा बनविणारा कारखाना आता उरलेला नाही.

भाग जाम का होतात?

दोन भाग एकमेकांत घट्ट बसतात तेव्हा त्यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. नव्या सायकलीत ती ग्रीसने भरलेली असते. वर्षे उलटली की ग्रीस सुकते आणि त्या फटीत पाणी शिरते. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो. हा गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक जागा व्यापतो. बंद फटीत फुगण्यास जागा नसल्याने तो दोन्ही भागांवर पाचरीसारखा दाब देतो. सायकलच्या दुकानात ज्याला ‘जाम’ म्हणतात, ती हीच स्थिती होय.

मुंबईत ही क्रिया वेगाने होते. येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उरलेल्या काळातही समुद्रावरून येणारी हवा दमट व खारट असते. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर टिकून राहतो. जिन्याखाली ऊन लागत नाही, वारा खेळत नाही. म्हणून छपराखाली ठेवलेली सायकलही आतून गंजते. वरचा रंग शाबूत दिसला तरी आतील नळ्यांची अवस्था निराळी असू शकते.

दोन निरनिराळे धातू एकत्र आले तर आणखी एक अडचण उद्भवते. पोलादी सांगाड्यात ॲल्युमिनियमची सीट-दांडी असेल आणि मध्ये खारे पाणी शिरले, तर तेथे एक लहानसा विद्युत्-घटच तयार होतो. ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फटीत घट्ट बसते. जुन्या काळ्या सायकलीत बहुतेक भाग पोलादी असल्याने हा प्रकार क्वचित आढळतो. परंतु नंतर बदललेल्या सुट्या भागांमुळे तो संभवतो. काम सुरू करण्यापूर्वी भागांना चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला नाही तर भाग साध्या पोलादाचा नाही, एवढे कळते.

पूर्वतयारी

सर्वप्रथम सायकलीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कोणता वॉशर कोठे होता, ब्रेकचा गज कोणत्या छिद्रातून गेला होता, हे नंतर स्मरत नाही. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट निराळ्या डबीत ठेवून डबीवर नाव लिहावे.

हत्यारे थोडी पण मापाची असावीत. जुन्या सायकलींचे नट इंची मापाचे असतात. त्यांना मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना लावला तर तो घसरतो आणि नटाचे कोपरे झिजवतो. पकडीने नट फिरविणे तर सर्वथा टाळावे. मापाचे रिंग पाने, एक मध्यम वजनाचा हातोडा, लाकडी मोगरी, पितळेचा दांडका, कानस, छिन्नी, लोखंड कापण्याची करवत आणि भक्कम व्हाइस एवढी सामग्री पुरेशी आहे. नागदेवी स्ट्रीटवरील हत्यारांच्या दुकानांत हे सारे मिळते. कॉटर, छर्रे, कोन, आरे हे सुटे भाग काळबादेवी परिसरातील सायकलींच्या दुकानांत शोधावेत. ज्याच्याकडे व्हाइस नाही, त्याने तेवढ्यापुरते एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात जावे. पण त्यावाचून जोर करू नये.

यानंतरचे महत्त्वाचे साधन म्हणजे तेल आणि वेळ. बाजारात गंज सोडविणारे पातळ तेल फवाऱ्याच्या डब्यात मिळते. ते केशाकर्षणाने फटीत शिरते. सायकलच्या दुकानांतून रॉकेल व पातळ यंत्रतेल यांचे मिश्रण वापरण्याचीही पद्धत होती. त्याचा परिणाम सावकाश होतो, इतकेच. घट्ट ग्रीस किंवा जाड इंजिन ऑईल या कामी निरुपयोगी ठरते, कारण ते फटीच्या तोंडाशीच थांबते. तेल घालण्यापूर्वी तारेच्या ब्रशाने भोवतीची माती व गंज काढून फटीचे तोंड मोकळे करावे. सकाळ-संध्याकाळ तेल द्यावे, त्या भागावर हलके ठोके मारावेत आणि पुन्हा वाट पाहावी. ठोक्यांचा हेतू भाग बाहेर काढण्याचा नसतो. कंपनाने गंजाला सूक्ष्म भेगा पडाव्यात आणि तेल आत उतरावे, एवढाच असतो. हा क्रम किमान तीन-चार दिवस, व गरज पडल्यास दोन आठवडे चालू ठेवावा.

आट्यांची दिशा

सोडविण्याऐवजी उलट दिशेने घट्ट करणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. सामान्य नट-बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले म्हणजे सुटतात. परंतु सायकलीत दोन जागा अपवाद आहेत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि इंग्रजी पद्धतीच्या सायकलीत साखळीच्या बाजूच्या तळवाटीचे आटेही उलटे असतात. चालविताना पेडल व वाटी आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही योजना केलेली आहे.

पेडलसाठी एक सोपी खूण आहे. पाना पेडलच्या दांड्यावर उभा, मूठ वर येईल असा लावावा आणि मूठ मागील चाकाच्या दिशेने ओढावी. उजवे असो वा डावे, पेडल या दिशेनेच सुटते. पान्याची मूठ लांब असावी व जोर एकसारखा द्यावा. झटके देऊ नयेत. कोणताही जाम नट सोडविण्यापूर्वी तो किंचित घट्ट करून पाहणे हीसुद्धा एक उपयुक्त युक्ती आहे. त्यामुळे गंजाची पकड तुटते आणि मग उलट फिरविताना नट सहज हलतो. नटाचे कोपरे गेलेच असतील, तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लहान मापाचा पाना लावावा. तेही न साधल्यास छिन्नीने नट उभा चिरावा. नट नवा मिळतो; ज्यावर तो बसला आहे तो दांडा वाचला पाहिजे.

कॉटर : धैर्याची कसोटी

जुन्या सायकलीचा क्रँक दांड्यावर बसविण्यासाठी कॉटर नावाची पाचरीच्या आकाराची पिन वापरलेली असते. तिचा व्यास सामान्यतः ९.५ मिलिमीटर, म्हणजे तीन अष्टमांश इंच असतो. तिच्या एका बाजूला उतरता सपाट भाग असतो. तो दांड्यावरील खाचेत दाबला जातो आणि नटाने आवळला जातो. वर्षानुवर्षे पायांचा जोर याच पिनेवर येत असल्याने ती सर्वांत घट्ट बसलेली आढळते.

कॉटर नटाच्या बाजूने ठोकून बाहेर काढावयाचा असतो. प्रथम नट काढून टाकू नये. त्याचा माथा आणि पिनेचे टोक एका पातळीत येईल इतकाच तो सैल करावा. त्यामुळे घाव नटावर व पिनेवर मिळून बसतो आणि आटे फुलत नाहीत. त्यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. क्रँकच्या खालच्या बाजूस, पिनेचे डोके ज्या ठिकाणी बाहेर यावयाचे तेथे, लोखंडी नळीचा तुकडा जमिनीपासून क्रँकपर्यंत उभा ठेवून आधार द्यावा. नळीच्या पोकळीत पिनेचे डोके उतरू शकले पाहिजे. हा आधार नसेल तर हातोड्याचा सारा जोर दांडा, छर्रे आणि वाट्या यांच्यावर जातो. वाट्यांत खळगे पडतात आणि पिन मात्र हलत नाही.

आधार नीट बसला की एकच भरीव, सरळ घाव द्यावा. दहा हलक्या घावांनी पिनेचे टोक फुलते. एका भरीव घावाने ती निसटते. याहून चांगला मार्ग म्हणजे दाबाने काढणे. कॉटर काढण्याचा स्क्रू-प्रेस मिळाला तर उत्तमच. नसल्यास व्हाइसच्या एका जबड्यावर पिनेच्या डोक्यापेक्षा रुंद पोकळीचा सॉकेट ठेवून पिन दाबून काढता येते.

पिन वाकलीच, तर निराश होण्याचे कारण नाही. वाकलेले टोक क्रँकच्या पातळीत करवतीने कापावे, मध्यभागी पंचाने खूण करावी आणि प्रथम ३, नंतर ६, मग ८ मिलिमीटरच्या ड्रिलने पिन आतून पोखरावी. कवचासारखा उरलेला भाग पंचाच्या ठोक्याने निघून जातो. ड्रिल तिरपे जाऊन क्रँकचे छिद्र वाढणार नाही, एवढी काळजी मात्र घेतली पाहिजे. पूर्वी सांगितलेला नियम येथे लागू पडतो : कॉटर गेला, क्रँक राहिला.

हँडल, तळवाट्या आणि सीटची दांडी

हँडलची दांडी चिमट्याच्या नळीत पाचरीने किंवा शंकूने घट्ट धरलेली असते. वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल केला म्हणजे त्याचे डोके वर येते. पुष्कळजण येथेच हँडल पिळू लागतात आणि ते हलत नाही असे पाहून जोर वाढवितात. वास्तविक खालची पाचर अजून आवळलेलीच असते. बोल्टच्या डोक्यावर लाकूड ठेवून मोगरीचा एक ठोका दिला की बोल्ट खाली उतरतो व पाचर मोकळी होते. गजाचे ब्रेक असतील तर ते आधी सोडवून ठेवावेत. तेवढ्यानेही हँडल हलले नाही, तर सायकल उलटी करून चिमट्याच्या खालच्या तोंडातून नळीत तेल ओतावे व रात्रभर तशीच ठेवावी.

तळवाट्या म्हणजे क्रँकचा दांडा ज्या छर्ऱ्यांवर फिरतो त्यांच्या वाट्या. डावीकडील वाटी लॉक-रिंग सोडल्यावर नेहमीच्या दिशेने निघते. साखळीच्या बाजूची स्थिर वाटी मात्र उलट्या आट्यांची, पातळ कडेची आणि अतिशय घट्ट असते. पाना तिच्यावरून घसरतो. ती काढण्याची एक उत्तम युक्ती अशी : सुमारे १६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट बाहेरून वाटीच्या छिद्रात घालावा, दोन्ही बाजूंना जाड वॉशर द्यावेत व आतून नट लावून बोल्ट आवळत जावा. बोल्ट आणखी आवळला जाईनासा झाला की वाटीच त्याच्याबरोबर फिरू लागते. आवळण्याची दिशा आणि उलट्या आट्यांची सुटण्याची दिशा एकच असल्यामुळे हे साधते. तथापि ही वाटी आतून गुळगुळीत असेल, तर ती काढण्याची गरजच नसते; जागेवरच रॉकेलने धुऊन, पुसून तिला नवे ग्रीस द्यावे. न काढलेला भाग मोडत नाही.

सीटची दांडी सर्वांत शेवटी घ्यावी, याला कारण आहे. तळाचा दांडा व छर्रे निघाले की सायकल उलटी करून तळाच्या पोकळीतून सीटच्या नळीत तेल ओतता येते. ते दांडीच्या आतल्या टोकापर्यंत पोहोचते. वरच्या फटीतून हे कधीच साधत नाही. दोन-तीन दिवसांनी आवळण्याचा बोल्ट पूर्ण काढावा, दांडीचे वरचे टोक व्हाइसमध्ये घट्ट पकडावे आणि सारा सांगाडा हाती धरून सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवावा. सांगाडा हीच येथे लांब मूठ बनते. दांडी ओढून निघत नाही, पिळून निघते. एकदा किंचित हलली की पुन्हा तेल द्यावे आणि फिरवीत फिरवीत वर घ्यावी. सांगाड्याच्या नळ्या पिळल्या जात आहेत असे जाणवताच थांबावे. अखेरचा उपाय म्हणून दांडी वर इंचभर ठेवून कापावी व करवतीच्या पानाने तिला आतून उभी चीर द्यावी. हे काम कित्येक तासांचे आहे. पण नळीला ओरखडा न पडता दांडी आतल्या बाजूस मिटते व निघते.

फ्रीव्हील आधी, आरे नंतर

चाकांच्या बाबतीत क्रम चुकला की नुकसान होते. गंजलेले आरे कापून टाकावेत आणि मग सावकाशीने हबवरील फ्रीव्हील काढावे, असे अनेकांना वाटते. परंतु फ्रीव्हील चालविताना दर पेडलागणिक अधिकाधिक घट्ट होत गेलेले असते. ते सोडविण्यास लागणारा जोर रिमच्या घेरातूनच मिळतो. आरे कापल्यावर हातात नुसता हब उरतो आणि त्याला पकडण्यास जागा नसते. म्हणून खाचांत बसणारे हत्यार ॲक्सलच्या नटाने जागेवर धरावे, ते व्हाइसमध्ये पकडावे व चाक दोन्ही हातांनी, वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावे. फ्रीव्हील हलताच तो नट सैल करावा, अन्यथा ॲक्सलवर ताण येतो.

या सायकलींच्या पुढच्या चाकाला सामान्यतः ३२ व मागच्या चाकाला ४० आरे असतात. रिम चांगली असेल तर प्रत्येक निपलला रिमच्या आतून व आऱ्याच्या बाजूने तेल देऊन एक-दोन दिवसांनी फिरवून पाहावे. न फिरणारे आरे कापण्यास हरकत नाही. मात्र एका बाजूचेच सारे आरे एकदम कापू नयेत, नाहीतर रिम वाकते.

उष्णता आणि रसायने : मर्यादा

उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे तत्त्व उपयोगी आहे. २५ मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी १०० अंश सेल्सियसने तापविली तर तिचा व्यास सुमारे ०.०३ मिलिमीटरने वाढतो. ही वाढ अल्प असली तरी गंजाची पकड तोडण्यास पुष्कळदा पुरते. तापवावयाचे ते बाहेरचा भाग, आतला नव्हे. आत ॲल्युमिनियमची दांडी असेल तर मात्र हिशेब उलटतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून तेथे तापविण्यापेक्षा दांडीत बर्फ भरून ती आकसविणे हितकर ठरते.

परंतु उष्णतेला तीन मर्यादा आहेत. पहिली, मूळ रंग व त्यावरील सोनेरी रेघा जळतात आणि त्या पुन्हा तशा उमटत नाहीत. दुसरी, सांगाड्याचे सांधे पितळाच्या झाळणीने जोडलेले असतात. ज्योत बेताबाहेर गेली तर सांधाच ढिला होतो. तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. तेल वा रॉकेल लावलेल्या भागाजवळ ज्योत नेणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. लाकडी जिने व गॅलऱ्या असलेल्या चाळीत हा प्रयोग कदापि करू नये. कढत पाण्यात पिळलेली फडकी वा हॉट-एअर गन वापरावी आणि ज्योतीचे काम लागलेच, तर ते कारागिराकडून मोकळ्या जागी करून घ्यावे. मुलामा दिलेले भाग तापविल्यास विषारी वाफा निघू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला विरघळवतो, म्हणून त्याचा उपाय काहीजण सुचवितात. त्या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि द्रावण कातडी व डोळे भाजते. घरगुती कामात तो टाळलेलाच बरा. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. तेव्हा रंग कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा व पुसलेली फडकी मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. ठोकताना व ड्रिल चालविताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

थांबणे हेही कौशल्य

काम करताना हात थांबविण्याच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. पाना घसरू लागला, बोल्ट रबरासारखा पिळतो आहे असे वाटले, नळीवरील रंगाला बारीक तडे दिसले, की त्या दिवसाचे काम संपले असे समजावे. तेल देऊन सायकल झाकून ठेवावी. दुसऱ्या दिवशी तोच भाग कमी जोराने सुटल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. एखादा भाग मूळचा कसा होता याविषयी शंका असेल, तर जुन्या सायकली प्रत्यक्ष पाहाव्यात. पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मुंबईत जुने सुटे भाग चोरबाजारात शोधता येतात.

सायकल ही केवळ आठवणीची वस्तू नाही, हेही विसरता येत नाही. १८९० पासून चालत आलेल्या मुंबईच्या डबेवाल्यांच्या सेवेत दादर, लोअर परळ, चर्चगेट या भागांतून आजही साध्या पोलादी सायकली डब्यांचे ओझे वाहतात. जो तरुण जिन्याखालच्या सायकलीवर कॉटर काढण्यास शिकला, त्याच्या हाती एक रोजचे उपयोगी काम आले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटरच्या विद्यार्थ्याला कानस, पाना व माप यांची जी शिस्त लावली जाते, तिचा घरबसल्या सराव करण्यास जुन्या सायकलीसारखे दुसरे साधन नाही.

सर्व भाग सुटे झाले, स्वच्छ झाले आणि जोडणीची वेळ आली, म्हणजे एक काम कटाक्षाने करावे. सीटची दांडी, हँडलची दांडी, पेडलचे आटे, वाट्या, फ्रीव्हीलचे आटे या प्रत्येक ठिकाणी ग्रीसचा पातळ थर द्यावा. नवा कॉटर बसविल्यावर पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर त्याचा नट पुन्हा एकदा आवळावा. त्यानंतर दरवर्षी पावसाळा संपल्यावर सीटची व हँडलची दांडी एकदा सोडवून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. ते होत राहिले, तर तीस-चाळीस वर्षांनी ही सायकल ज्याच्या हाती येईल, त्याला हातोडा शोधावा लागणार नाही; एक मापाचा पाना पुरेल.